ऋतूंची शाळा कोणाची?

जूनच्या मध्यास महाराष्ट्राच्या बहुतेक भागात शाळेची घंटा वाजते. त्याच सकाळी पुण्यामुंबईतील काही मोजक्या घरांत मात्र दप्तराची धांदल नसते. घरातील मुले गच्चीवर ठेवलेल्या भांड्यात रात्री किती पाऊस साचला ते पट्टीने मोजतात, वहीत तारखेपुढे आकडा लिहितात आणि मग न्याहारीला बसतात. ही मुले कोणत्याही शाळेच्या पटावर नाहीत. आईवडिलांनी त्यांना जाणूनबुजून शाळेत घातलेले नाही. 'होमस्कूलिंग' ह्या नावाने ओळखला जाणारा, आणि मराठीत ज्याला घरशाळा म्हणता येईल असा हा प्रयोग सुशिक्षित मध्यमवर्गाच्या एका लहानशा थरात गेली काही वर्षे रुजत आहे.

समाजवादी कार्यकर्त्याची त्यावरील पहिली प्रतिक्रिया बहुधा उपहासाची असते. ज्यांना सारे काही मिळाले त्यांचे हे नवे खूळ, असे म्हणून तो विषय सोडून देतो. ही प्रतिक्रिया चुकीची आहे. ह्या घरांत जे चालते ते नीट पाहिले, तर सार्वजनिक शाळेच्या बाजूने मांडता येईल असा एक प्रबळ युक्तिवाद तेथे सापडतो. वाड्यावस्त्यांवरील लहान शाळांवर गदा येऊ घातलेली असताना हा युक्तिवाद चळवळीच्या हाती असणे आवश्यक आहे.

दिनक्रम आणि ऋतुक्रम

अशा घराचा दिनक्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो. सकाळचे दीड-दोन तास भाषा आणि गणित ह्यांना दिलेले असतात. त्यात घड्याळी तासिका नसतात. एखादे उदाहरण अडले तर त्याच्यापाशीच सकाळ संपते. दुपारी आई किंवा वडील मोठ्याने वाचून दाखवितात आणि मुलांनी ऐकलेले आपल्या शब्दांत सांगावयाचे असते. स्वयंपाकघरात वजनमापे शिकली जातात, बाजारात व्यवहारी गणित. संध्याकाळी टेकडी, नदीकाठ किंवा वाचनालय. आठवड्यातून एखादा दिवस सुताराच्या, कुंभाराच्या नाही तर शेतकऱ्याच्या सहवासात जातो.

ह्या दिनक्रमाला वर्षभराचा आकार देतो तो ऋतू. आषाढ-श्रावणात बिया रुजत घालावयाच्या, टाकळा, कुर्डू, तेरडा ओळखावयाचा, ओढ्यातील खेकडे आणि भिंतीवरील गोगलगाई पाहावयाच्या, आणि पावसाच्या आकड्यांचा आलेख काढावयाचा. शरदात आकाश निवळले की ताऱ्यांची ओळख सुरू होते. थंडीत मृग आणि व्याध दाखवीत रात्र जाते, तलावावर आलेल्या पाहुण्या पक्ष्यांची नोंद होते, आणि एक दिवस गुऱ्हाळावर नेऊन उसाच्या रसाची काकवी आणि काकवीचा गूळ कसा होतो ते दाखविले जाते. फाल्गुनात पळस, वैशाखात बहावा. मेच्या मध्यास पुण्यामुंबईत सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी अंगणात काठी उभी करून तिची सावली नाहीशी होताना पाहावयाची. भूगोल आणि भूमिती ह्यांचा एकत्रित पाठ ह्याहून चांगला कोणता असेल?

ह्यातील कोणतीही गोष्ट शिक्षणाच्या विचारास नवी नाही. महात्मा फुले ह्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. तिच्याबरोबरच खेड्यातील मुलांना शेतीचे, आरोग्याचे आणि व्यवहाराचे ज्ञान मिळावे असा आग्रह धरला. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग केंद्रस्थानी ठेवून शिक्षणाची मांडणी केली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी बोर्डीस व नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे काम उभे केले, त्यात कुरणशाळा होती. गुरे राखणारे मूल शाळेत येऊ शकत नाही म्हणून शिक्षकच गुरांमागे कुरणावर गेला. परदेशातही घरशाळेचा विचार मुळात बंडखोर होता. इव्हान इलिच ह्यांचे शाळाविहीन समाजाविषयीचे पुस्तक 1971 चे. अमेरिकेत जॉन होल्ट हे आधी शाळा सुधारू पाहणारे शिक्षक होते. निराश होऊन त्यांनी 1977 मध्ये घरी शिकविणाऱ्या पालकांसाठी नियतकालिक काढले. पुढे तेथे ही चळवळ मोठ्या प्रमाणावर धार्मिक पुराणमतवाद्यांच्या हाती गेली, हा इतिहासही विसरता कामा नये.

येथे एक विपरीत फेरपालट ध्यानात येतो. एके काळी हाताचे, मातीचे, ऋतूचे शिक्षण गरिबांसाठी आणि पुस्तकी शिक्षण साहेबी नोकरीच्या उमेदवारांसाठी, अशी विभागणी झाली आणि तिनेच नयी तालीमचा घात केला. पुढाऱ्यांनी ग्रामीण मुलांना टकळी दिली आणि स्वतःची मुले इंग्रजी शाळेत घातली. आज पारडे फिरले आहे. माती, झाडे, फुरसत आणि जिज्ञासा ही सुखवस्तू मुलांच्या वाट्याला, आणि गाइडे, चाचण्या, घोकंपट्टी ही कष्टकऱ्यांच्या मुलांच्या वाट्याला. विभागणी मात्र कायम आहे.

आठ मिनिटांचा हिशेब

घरशाळेचे यश कशात आहे? पालक त्याचे श्रेय पद्धतीला देतात. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता त्याचे रहस्य अधिक साधे आहे. शिक्षणहक्क कायदा 2009 साली संमत झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापनाचे ठरविले आहेत. म्हणजे दिवसाला 4 तास, अर्थात 240 मिनिटे. प्राथमिक शाळेत 30 मुलांमागे 1 शिक्षक हे प्रमाण मानले, तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला शिक्षकाचे स्वतंत्र लक्ष दिवसाला 8 मिनिटे येते. घरी दोन मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती केवळ दोन तास बसली तरी प्रत्येकास 60 मिनिटे मिळतात. गच्चीवरील पर्जन्यमापक आणि सावलीची काठी ह्यांना दमडीचाही खर्च नाही. खर्च आहे तो ह्या 60 मिनिटांचा.

तो खर्च कोण भरते? घरात एका कमावत्या माणसाचे वेतन सर्वांना पुरेल इतके असावे लागते, आणि दुसऱ्या सुशिक्षित माणसाने आपली कमाई अनेक वर्षे सोडून द्यावी लागते. हे दुसरे माणूस बहुतेक वेळा आई असते. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देतात, पुरुष 97. ह्या 299 मिनिटांवर आणखी एका शिक्षिकेची नोकरी घरशाळेत चढविली जाते, आणि तिला वेतन, रजा किंवा निवृत्तिवेतन काहीच नसते. कोणत्याही पत्रकात न दिसणारे हे श्रमाचे अनुदान आहे. ते देण्याची ऐपत ज्या घरांत आहे तेथेच ऋतूंचा अभ्यास फुलतो. 'स्कूल' ह्या शब्दाचे ग्रीक मूळ फुरसत ह्या अर्थाचे आहे. फुरसतीची वाटणी विषम असेल तर शिक्षणाची वाटणी समान होणार नाही.

ऊस पाहणारी आणि ऊस तोडणारी

ज्या थंडीत शहरातील मूल गुऱ्हाळावर जाऊन उसाची रीत वहीत लिहिते, त्याच थंडीत आणखी एक मूल उसापाशी असते. बीड आणि त्याच्या आसपासच्या कोरडवाहू तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, आणि उचल फिटेपर्यंत कोयत्याला सुट्टी नसते. सोबत मुले असतात. आठ-दहा वर्षांची मुलगी कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी भरते, वाढे गोळा करते. थोडी मोठी झाली की मोळ्या बांधू लागते. टोळ्या परत येतात त्या चैत्र-वैशाखात. शाळेचे दुसरे सत्र दिवाळीनंतर सुरू होऊन ह्याच सुमारास संपते. म्हणजे ह्या मुलांच्या आयुष्यातून दरवर्षी नेमके अर्धे शालेय वर्ष उसाबरोबर तोडले जाते.

दोन्ही मुले शाळेबाहेर आहेत आणि दोघांचेही वर्ष ऋतूने आखलेले आहे. एकाला ऋतू शिकवितो, दुसऱ्याला तो हाकतो. ह्या दुसऱ्या मुलाचे निसर्गाचे ज्ञान पहिल्याहून कमी नसते. कोणता फड केव्हा तुटतो, पहाटे थंडी केव्हा वाढते, बैलाला काय झाले आहे, हे त्याला ठाऊक असते. परंतु त्या ज्ञानाची नोंद करणारी वही नसते, त्याला प्रश्न विचारणारे माणूस नसते, आणि त्यातून गणिताकडे, विज्ञानाकडे नेणारा पूल नसतो. साखर कारखान्यांच्या परिसरात 1990 नंतरच्या काळात साखरशाळा चालल्या. पुढे शिक्षणहक्क कायद्याच्या अंमलबजावणीत जवळच्या नियमित शाळेत प्रवेश आणि गावात हंगामी वसतिगृह ह्यांवर भर आला. स्थलांतरित कुटुंबांतील बालकांना प्रवेश मिळवून देणे हे ह्या कायद्याच्या नवव्या कलमाने स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्यच ठरविले आहे. कर्तव्य कागदावर स्पष्ट आहे. कोपीपासून शाळेपर्यंतची वाट तशी नाही.

निघून जाणाऱ्यांचा मार्ग

घरशाळेवर बंदी घालावी काय? जर्मनीत शाळेतील उपस्थिती सक्तीची आहे आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2006 मध्ये तिला बाध आणला नाही. भारतात घरशाळेवर थेट बंदी नाही आणि तिला स्पष्ट मान्यताही नाही. ह्या मुलांपैकी पुष्कळजण राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत परीक्षा देतात. 1979 च्या एका प्रकल्पातून वाढलेली ही व्यवस्था मुख्यतः शाळा सुटलेल्यांसाठी होती. आता शाळा सोडून देणारेही तिच्या आधाराने पुढे जातात. मूठभर कुटुंबांच्या मागे पोलिसी बडगा लावणे लोकशाही समाजवादाला शोभणार नाही. व्यक्तिस्वातंत्र्याला मान देऊनही त्यांच्या मार्गाचा सामाजिक परिणाम मात्र रोखठोकपणे सांगितला पाहिजे.

आल्बर्ट हर्शमन ह्या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली एक मूलगामी मुद्दा मांडला. एखादी संस्था घसरू लागली की लोकांपुढे दोन वाटा असतात: आवाज उठविणे किंवा निघून जाणे. दर्जाविषयी जे सर्वांत जागरूक असतात, तेच सर्वांत आधी निघून जातात. आणि त्यांच्याबरोबर संस्थेतील आवाजही जातो. सार्वजनिक शाळा हेच त्याचे एक उदाहरण होते. महाराष्ट्रात ही पायरी-पायरीने झालेली निर्गमने सर्वांच्या परिचयाची आहेत. अधिकारी, प्राध्यापक, पुढारी, आणि खुद्द सरकारी शिक्षकांपैकी अनेकांची मुले जिल्हा परिषदेच्या व नगरपालिकेच्या शाळांतून खासगी शाळांत गेली. घरशाळा ही ह्याच मार्गावरील पुढची पायरी आहे. मुलाला काय शिकवावे ह्याचा रात्रंदिवस विचार करणारे पालक शाळेच्या सभेत असते, तर मुख्याध्यापकास आणि शिक्षणाधिकाऱ्यास उत्तरे द्यावी लागली असती.

दुसरा परिणाम जातीचा आहे. शाळेतील पंगत आणि शाळेतील बाक ही भारतीय समाजातील फार थोड्या ठिकाणांपैकी दोन आहेत, जेथे आईवडिलांनी न निवडलेले मूल आपल्या शेजारी येऊन बसते. घरशाळेतील मुलांनाही मित्र असतात, सहली असतात, मेळावे असतात. परंतु ते सारे पालकांच्या परिचयातील, आणि पालकांचा परिचय बहुधा स्वतःच्या वर्गाचा व जातीचा. कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात समान शाळा आणि परिसरशाळा ह्यांचा आग्रह धरला तो ह्यासाठीच. निसर्गाचे सर्व ऋतू पाहिलेल्या मुलाने समाजाचा मात्र एकच ऋतू पाहिलेला असावा, हे अपुरे शिक्षण होय.

वाडीवरची बारा मुले

आता ह्या विवेचनाच्या मुख्य मुद्द्याकडे वळता येईल. 2023 साली राज्य शासनाने 20 पेक्षा कमी पट असलेल्या शाळांतील मुले एकत्र करून समूहशाळा उभारण्याचा विचार पुढे आणला. अशा शाळांची संख्या सुमारे 15 हजार होती. कारण असे दिले जाते की मुले थोडी असली की गुणवत्ता राहत नाही, खेळगडी मिळत नाहीत, आणि खर्च परवडत नाही.

ह्या 15 हजार शाळांपैकी एखादी डोळ्यांसमोर आणावी. डोंगरकुशीची वाडी, एक खोली आणि पडवी, बारा मुले. कायद्याप्रमाणे 60 पर्यंत पट असला तरी तेथे 2 शिक्षक हवेत. ते दोघे खरोखर असले आणि दिवसाचे 4 तास खरोखर शिकवू शकले, तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला 40 मिनिटे येतात. लहान गट, निरनिराळ्या वयांची मुले एकत्र, दाराबाहेर ओढा, शेत आणि रान, आणि मातृभाषेतून शिक्षण: शहरातील घरशाळावाले ज्या गोष्टींसाठी नोकरी सोडतात, त्या बहुतेक सर्व येथे आधीच हजर आहेत. शिवाय घरी जे मिळत नाही तेही येथे आहे. वाडीतील सर्व जातींची मुले एका ओळीत बसून जेवतात, आणि शिकविणाऱ्यास पगार मिळतो.

सुखवस्तू पालकाने हे घडवून आणले की तो शिक्षणातील प्रयोग ठरतो, आणि गरिबाच्या वाडीवर ते आपोआप आले की तो तोट्याचा व्यवहार ठरतो. लहान शाळेतील उणीव तिच्या लहानपणात नाही. दुसरा शिक्षक नेमलेला नसतो. असलेला शिक्षक माहित्या भरण्यात, सर्वेक्षणात आणि बैठकांत अडकलेला असतो. पाच इयत्ता एकत्र कशा शिकवाव्यात ह्याचे प्रशिक्षण त्याला मिळालेले नसते. ह्या उणिवा भरून काढावयाच्या सोडून शाळाच उचलून दूर नेली, तर सहा-सात वर्षांच्या मुलांना ओढे, घाट आणि वाहनाची अनिश्चितता ओलांडावी लागेल. त्यात पहिल्यांदा मुलींची शाळा सुटेल. खर्चाचा हिशेब मांडणाऱ्यांनी गळालेल्या मुलींचाही हिशेब मांडावा.

कार्यकर्त्यांपुढील काम

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद शिक्षणहक्क कायद्यात आहे. पुष्कळ ठिकाणी ही समिती सह्यांपुरती उरली आहे. पक्षाच्या आणि सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या भागात ह्या समित्यांच्या सभा नियमित भरतील असे पाहिले, तर पुढील मागण्यांना पाया मिळेल.

पहिली मागणी अशी की कोणतीही वस्तीशाळा पटाच्या कारणावरून बंद होऊ नये, आणि प्रत्येक ठिकाणी दोन शिक्षक असावेत. जनगणना, निवडणुका व आपत्तिनिवारण सोडून शिक्षकास शिक्षणबाह्य काम देऊ नये, असे कायदाच सांगतो. त्याचे पालन प्रत्येक तालुक्यात तपासून घ्यावे. दुसरी, ऊसतोडीच्या गावांत हंगामी वसतिगृहे टोळ्या निघण्यापूर्वी उघडावीत. जी मुले आईबापांबरोबर जातील त्यांचे नाव, त्यांची प्रगती आणि त्यांची पुस्तके कारखान्याजवळच्या शाळेत त्यांच्या आधी पोहोचावीत. ज्या कारखान्यांचे गाळप ह्या कुटुंबांच्या श्रमावर चालते, त्यांनी ह्या खर्चाचा वाटा उचलावा. तिसरी, अभ्यासक्रमात त्या त्या परिसराच्या ऋतूला हक्काची जागा मिळावी. भाताची लावणी, मृगाचा पेरा, आठवड्याचा बाजार, गावची पर्जन्यनोंद हे सहलीचे विषय न राहता गणित-विज्ञानाचे रोजचे साहित्य व्हावे. चौकशी आणि कृती ह्यांतून शिक्षण, हे कायद्याच्या 29 व्या कलमातच नमूद आहे.

चौथी गोष्ट शासनाकडे मागावयाची नाही. घरशाळा चालविणाऱ्या पालकांशी कार्यकर्त्यांनी संवाद सुरू करावा. त्यांना दोष देऊन काही साधणार नाही. त्यांच्याजवळ ज्ञान आहे, कळकळ आहे आणि अनुभव आहे. आठवड्यातून दोन तास त्यांनी जवळच्या पालिका शाळेस द्यावेत, आपल्या मुलांना त्या शाळेच्या मैदानावर आणि वाचनालयात आणावे, आणि ज्या वडिलांच्या पगारावर ही घरशाळा उभी आहे त्यांनी आईबरोबर अध्यापनाचा निम्मा भार उचलावा, एवढे त्यांच्यापुढे मांडावे. काहीजण नाकारतील. जे येतील त्यांच्यामुळे शाळेला निदान एक गेलेला आवाज परत मिळेल.

ह्या कामाची सुरुवात पुढच्या जूनमध्येच करता येईल. एक सरळ कडांचे भांडे, एक पट्टी आणि एक वही. वाडीवरच्या शाळेच्या पडवीसमोर ते ठेवावे, बारा मुलांनी रोज आकडा लिहावा, आणि चार महिन्यांनी त्या वहीवरून गावाला सांगावे की यंदा पाऊस किती पडला. ज्या शाळेची मुले गावाला पावसाचा हिशेब देतात ती शाळा बंद करावयास येणाऱ्या अधिकाऱ्यासमोर मग सारे गाव उभे राहील. ते उभे राहावे ह्याची तयारी करणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.